आपला माणूस खुर्चीत, भाव कोणाच्या हातात?



दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन होतो. पंचायत समितीच्या सभागृहात वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार पडतो, दोन-चार प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-नारळ मिळतो, साहेब लोकांची भाषणे होतात आणि माणसे चहा पिऊन पेरणीकडे परत फिरतात. हार घालण्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या माणसाची योग्यता हाराची होतीच. तक्रार एवढीच की हार घालून झाल्यावर हिशेब कोणी मांडत नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेला, शेती कळणारा, शेतकऱ्याविषयी खरी कळकळ असलेला माणूस ११ वर्षांहून अधिक काळ या राज्याचा मुख्यमंत्री होता. एवढा सलग काळ ती खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. असे असताना त्याच्याच कापूस-ज्वारीच्या मुलखातला कास्तकार शेवटी कुठे येऊन पोचला? आजचा अग्रलेख या एका प्रश्नासाठी आहे.

हा अंक भंडारा जिल्ह्यातल्या बैठकीतही वाटला जाणार आहे. तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या बाजूला कपाशी नाही. तिथे वर धान आहे आणि पोटात मँगनीज आहे. आमचे बहुतेक वाचक कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. यवतमाळच्या पुढाऱ्याची कथा चिखल्याला कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. ज्या हुकुमाने वऱ्हाडातली ज्वारी सरकारच्या गोदामात गेली, त्याच हुकुमाने भंडाऱ्याचा धानही गेला. आणि चिखल्याच्या खाणीतला दगड कसा विकला जातो, हे कपाशीवाल्याने एकदा नीट पाहण्यासारखे आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

गहुली ते मुंबई

वसंतराव नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. बंजारा समाजाच्या तांड्यातले घर. नागपुरात शिक्षण, वकिलीची परीक्षा, मग अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी. गुरू लहान नव्हता. पंजाबराव १९३० ते १९३३ या काळात जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री होते आणि सावकारी कर्जात बुडालेला कुणबी त्यांनी जवळून पाहिला होता. नाईकांनी पुसदला येऊन वकिली केली, नगरपालिकेचे अध्यक्षपद केले आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुसदहून विधानसभेवर गेले. ती विधानसभा जुन्या मध्य प्रदेशची, राजधानी नागपूर. रविशंकर शुक्लांच्या सरकारात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड-नागपूरकडचे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. त्यात यवतमाळ होता, भंडाराही होता. नाईक मुंबईच्या मंत्रिमंडळात सहकार आणि मग कृषी ही खाती सांभाळू लागले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर महसूल खाते त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, चांद्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, वर्षभरात ते वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईकांनी शपथ घेतली. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या गटांना हा माणूस चालला, याचे एक कारण त्याचा स्वभाव गोड होता हे आहे. दुसरे कारण, त्याच्या पाठीशी स्वतःचा असा कारखान्यांचा गट नव्हता, त्यामुळे त्याची कोणाला भीती नव्हती. राजकारणात असे होते. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते खुर्चीवर राहिले. ज्या दिल्लीच्या कौलाने खुर्ची टिकली, त्याच कौलाने ती गेली. १९७७ मध्ये ते वाशिममधून लोकसभेवर निवडून आले आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले.

या कारकिर्दीत शेतकऱ्यासाठी काय झाले, ते आधी मोकळ्या मनाने मांडले पाहिजे. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या त्यांच्याच समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ ला सुरू झाल्या. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात निघाली. अकोल्याच्या विद्यापीठासाठी वऱ्हाडातल्या पोरांना १९६७ मध्ये रस्त्यावर यावे लागले आणि त्यात जीव गेले, हेही विसरायचे नाही. पण विद्यापीठ झाले. संकरित बियाणे, बंधारे, विहिरी यांचा त्यांना खराखुरा नाद होता. १९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांनी सांगलीकडे लहान प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच सरकारने राज्यभर उचलली. तो दुष्काळ १९४३ च्या बंगालसारखा झाला नाही, याचे श्रेय त्या सरकारला आहे.

एवढे जमेला धरले. आता नावे बाजू.

ज्वारी: पिकवा तुम्ही, दर आम्ही

नाईक गादीवर आले तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. मुंबईच्या रेशन दुकानात पी. एल. ४८० चा गहू होता आणि महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत तुटीचा प्रांत होता. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशी प्रतिज्ञा नाईकांनी १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यापुढे केली. ती आजही भाषणांत सांगितली जाते. बोलणाऱ्याची तळमळ खोटी नव्हती. पण ही प्रतिज्ञा कोणाच्या जिवावर पुरी व्हायची होती, ते पाहा.

धान्य दोन रस्त्यांनी वाढू शकले असते. पहिला रस्ता, पिकवणाऱ्याला बाजारात मिळेल तो भाव घेऊ द्यायचा. भाव बरा मिळाला की तो विहीर खोदतो, खत घालतो, बियाणे बदलतो, त्याला कोणी सांगावे लागत नाही. दुसरा रस्ता, बियाणे आणि खत सरकारने द्यायचे आणि पिकलेला माल सरकारने ठरवलेल्या दराने उचलायचा. महाराष्ट्राने दुसरा रस्ता धरला. १९६४-६५ च्या हंगामापासून ज्वारी आणि धान यांची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे जमिनीच्या धारणेप्रमाणे लेव्ही बसली. दर सरकारचा, काटा सरकारचा, गोदाम सरकारचे. राज्याच्या हद्दीपलीकडे धान्य नेणे हा गुन्हा. तुमसर तालुक्यातून थोडे उत्तरेला सरकले की मध्य प्रदेशची हद्द लागते. १९५६ पर्यंत दोन्हीकडे एकच राज्य होते, माणसांच्या सोयरिकी दोन्हीकडे होत्या. आता लेक तिकडे देता येत होती, धानाचे पोते मात्र नेता येत नव्हते.

त्याच सुमारास, १९६४ मध्ये, सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी आली आणि सरकारने ती जोराने पसरवली. उतारा वाढला, यात वाद नाही. पण कास्तकाराला त्यासोबत काय मिळाले? ताट बुटके, म्हणून कडबा कमी. लवकर निसवते, म्हणून दाणा पावसात सापडतो आणि काळा पडतो. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही. हे दोष सोसूनही शेतकऱ्याने ती पेरली, कारण त्याला चार पायल्या जास्त हव्या होत्या. जास्तीच्या त्या चार पायल्यांचा दर ठरवताना मात्र त्याला कोणी विचारले नाही. केंद्राने जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला. तेव्हापासून दर दिल्लीत मोजून येऊ लागला.

या व्यवस्थेतला अन्याय समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. कोरडवाहू शेती म्हणजे चार वर्षांत एक सोळा आणे, दोन आठ आणे, एक बुडीत. बुडीत वर्षी ज्याच्या घरात थोडेफार पिकते त्याला चढा भाव मिळाला, तरच चार वर्षांचा मेळ बसतो. सोळा आणे पिकले आणि भाव पडला, तर ते शेतकऱ्याचे नशीब. कमी पिकले आणि भाव चढला, तर लेव्ही, जिल्हाबंदी, राज्यबंदी. तोटा त्याने एकट्याने भोगायचा आणि नफ्यात मात्र सगळ्या शहराचा वाटा. अशा हिशेबात कोणाचे भांडवल उभे राहणार? म्हणून १९७२ ला पाऊस गेला तेव्हा बारा-पंधरा एकरांचा मालकसुद्धा मजुरासोबत खडी फोडायला बसला. पाऊस एक-दोन वर्षे गेला होता. घरातली कणगी त्याच्या आधीच रिकामी झाली होती. आणि स्वयंपूर्ण व्हायला निघालेल्या राज्याने त्या वर्षी माणसांना परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊ घातली.

कापूस: दलाल गेला, साहेब आला

कापसाची कथा अधिक बोलकी आहे, कारण तिथे सरकारचा हेतू स्पष्टपणे शेतकऱ्याच्या बाजूचा होता. वऱ्हाडात कापसाचा बाजार जुना. कारंज्याला १८८६ मध्ये आणि साऱ्या वऱ्हाडासाठी १८९७ च्या कायद्याने नियंत्रित बाजार आले. तरीही अडत्याचा काटा आणि दलालाचा रुमाल यांतून शेतकरी सुटला नव्हता. दिवाळीला बंड्या बाजारात येऊन उभ्या राहिल्या की भाव पाडायचा आणि कास्तकाराचे घर रिकामे झाले की तोच भाव चढवायचा, ही रीत होती. ती मोडावी म्हणून नाईक सरकारने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. राज्यातला सगळा कापूस एकच खरेदीदार घेणार: सरकार, पणन महासंघामार्फत. रुई-सरकी विकून जे जास्त येईल त्यातला वाटा बोनस म्हणून शेतकऱ्याला मिळणार. कल्पना ऐकून कोणाही कापूसवाल्याची मान डोलावी अशीच होती.

पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना सांगायला नको. केंद्रावर चार-चार दिवस बंड्यांची रांग. रात्री थंडीत गंजीजवळ झोपायचे. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेऊन नाक मुरडले की वर्षाची मेहनत एका प्रतीने खाली. चुकारा हप्त्याहप्त्याने. त्या चुकाऱ्यातून आधी सोसायटीचे कर्ज कापून घ्यायचे, मग निधीच्या नावाने कपात आणि उरलेला कागद घेऊन बँकेच्या चकरा. गरज भागवायला कास्तकार चोरून व्यापाऱ्यालाच कापूस घालू लागला. दलाल दोनशे होते तेव्हा एकाशी पटले नाही तर दुसऱ्याकडे जाता येत होते. सरकारशी पटले नाही तर जायचे कुठे? हद्द ओलांडून मध्य प्रदेशात किंवा आदिलाबादेत. तिकडे भाव जास्त असला की नाक्यावर पोलीस, आणि इकडे भाव जास्त असला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रावर.

ज्या वर्षी महासंघाने शेजारच्या राज्यांपेक्षा चांगला भाव दिला, बोनस दिला, त्या वर्षी शेतकऱ्याने योजनेला दुवा दिला, हेही खरे. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. पण तो भाव मंत्रालयाच्या मर्जीचा होता आणि मंत्रालयाच्या वरही दिल्ली होती. कापसाची निर्यात किती होऊ द्यायची, त्याचा कोटा दिल्ली ठरवत असे. गिरण्यांना रुई महाग पडते, अशी कुरकुर झाली की कोटा आवळायचा. म्हणजे महाराष्ट्राने दलाल हटवला आणि दिल्लीने बाजारच बांधून ठेवला. शेतकऱ्यांनी भावासाठी तोंड उघडले तेव्हा काय मिळाले? १० डिसेंबर १९८६ ला हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनात तीन शेतकरी गोळीबारात पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराने बायकापोरांसह जीव दिला होता. एकाधिकार योजना तेव्हा जोरात चालू होती. पुढे तोटा साचत गेला, चुकारे आणखी रखडले आणि २००२ नंतर एकाधिकार नावापुरताही उरला नाही.

याच काळात पश्चिम महाराष्ट्रात काय झाले, तेही पाहा. उसाच्या शेतकऱ्याला सरकारने कारखान्याचे भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. त्या कारखान्यांत पुढे पुढाऱ्यांची संस्थाने झाली, हा वेगळा विषय. आणि उसाचा भावही सरकारनेच बांधला. पण निदान कागदावर ऊसवाला कारखान्याचा मालक झाला. कापूसवाल्याला मिळाले खरेदी केंद्र. विदर्भात काही सहकारी जिनिंग आणि सूतगिरण्या निघाल्या, तरी मुख्य चावी मुंबईतच राहिली. मुख्यमंत्री मात्र विदर्भाचा, कापसाच्या जिल्ह्याचा. आपला माणूस वर बसला की आपले भले होते, या समजुतीला यापेक्षा मोठा धडा कोणता हवा?

चिखल्याचा दगड

आता चिखल्याकडे येऊ. तिथले मँगनीज इंग्रज कंपनीच्या काळापासून निघते. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी झाली, जिला आपण मॉयल म्हणतो. तिच्या भागधारकांत केंद्र सरकार, मध्य प्रदेश सरकार आणि महाराष्ट्र सरकारही आहे. १९७७ पासून विलायती कंपनीचा हिस्साही गेला. म्हणजे हा दगड सरकारचा, आणि आपला कापूस-ज्वारी-धान आपला.

सरकारच्या या दगडाचा दर कसा ठरतो? पोलादाला मागणी कशी आहे, परदेशात मँगनीज कोणत्या भावाने चालले आहे, हे पाहून कंपनी स्वतःचा दर स्वतः जाहीर करते आणि ठरावीक काळाने बदलते. बाजार चढला की दर चढतो, बाजार उतरला की उतरतो. पोलाद गरिबाच्या घराच्या सळईत लागते, म्हणून चिखल्याचा दगड खर्चाहून कमी दराने द्या, असे कोणी मंत्री म्हणाल्याचे आम्ही ऐकले नाही. मग तेच सरकार कापूस उत्पादकाला मात्र सांगते की कापड गरिबाला लागते, धानवाल्याला सांगते की भात गरिबाला लागतो. गरिबाची काळजी शेतकऱ्याच्या खळ्यावरच आठवते. आपली मागणी दगडाला मिळतो तेवढाच न्याय मिळावा, एवढीच आहे.

हा अन्याय आमच्या मनाचा खेळ नाही. जागतिक व्यापार संघटनेपुढे भारत सरकारने १९८६ ते १९८८ या पायाभूत काळाचे जे आकडे ठेवले, त्यात शेतीमालाला दिलेला आधार उणे निघाला. म्हणजे देशातला शेतकरी जगाच्या बाजारात जे कमावू शकला असता, त्याहून कमी त्याच्या हातात पडत होते. हे सरकारने आपल्या हाताने लिहून दिले.

जुने गेले, हात तोच

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. लेव्ही गेली, एकाधिकार गेला, राज्यबंदी गेली, आता कोणीही कोणालाही कापूस विकतो. बरोबर. पण भावावरचा हात उठला आहे काय? एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात हात सैल केला. तेवढ्यात बाजार बसला होता. २०२५ मध्ये आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. बोंडे फुटायच्या तोंडावर. वेचणी संपेपर्यंत. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाला होता. एका हाताने हमीभावाचा कागद द्यायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा कापूस आत घ्यायचा, याला काय म्हणावे? हमीभाव खर्चाच्या दीडपट आहे असे सांगतात, पण तो खर्च मोजताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या भांडवलाचे व्याज बाजूला ठेवतात, हे सांगत नाहीत.

ज्वारीचे तर बोलायलाच नको. जिच्यासाठी फाशीची प्रतिज्ञा झाली, ती खरीप ज्वारी वऱ्हाडाच्या शिवारातून जवळजवळ निघून गेली. तिची जागा सोयाबीनने घेतली. पाखरे, रानडुकरे, मजुरी ही कारणे आहेतच; पण ज्या पिकाला एवढी वर्षे भाव दाबून ठेवले, ते पीक शेतकऱ्याने सोडले तर दोष कोणाचा? आता शहरातले डॉक्टर ज्वारीची भाकरी खा म्हणतात आणि शहरात ज्वारी महाग झाली म्हणून बातम्या येतात. पिकवणारा तोवर दुसरीकडे गेला आहे.

माणूस बघू नका, अधिकार बघा

वसंतराव नाईक वाईट होते म्हणून हे झाले, असे आमचे म्हणणे नाही. उलट, एवढा भला आणि जाणता माणूस असूनही हे झाले, यातच आमचा मुद्दा आहे. त्यांनी शेतकऱ्याला बियाणे दिले, विद्यापीठे दिली, बंधारे दिले, कामे दिली. फक्त एक गोष्ट दिली नाही: आपला माल आपल्या भावाने, आपल्याला वाटेल तिथे विकायचा अधिकार. तो त्यांच्या काळात आणखी आवळला गेला. महसूलमंत्री असताना १९६१ मध्ये शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा आला आणि १९६४ मध्ये तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला. म्हणजे शेतकऱ्याला त्याविरुद्ध कोर्टाचे दारही बंद. कारखानदाराच्या भांडवलाला अशी मर्यादा कोणी घातली नव्हती. १९६३ मध्ये बाजार समित्यांचा कायदा आला आणि माल कुठे विकायचा तेही ठरले. जमीन किती, माल कुठे, दर काय, तिन्ही गोष्टी सरकारच्या. उरली ती मेहनत, ती शेतकऱ्याची.

शेतकऱ्याचा मुलगा मंत्री झाला की शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहील, अशी आपली आशा असते. तो पहिली काही वर्षे तसे पाहतोही. पण मंत्रालयाच्या खिडकीतून मुंबई दिसते, गहुली दिसत नाही. मुंबईत भाकरी महागली तर सरकार हलते, गहुलीत भाव पडला तर अर्ज येतो. त्या जागेवर कोणीही बसला तरी तो हेच करील. जिल्हा परिषदेपासून बँकेपर्यंत आणि बाजार समितीपासून महासंघापर्यंत पदांची जी उतरंड उभी राहिली, तिच्यात आपल्या गावोगावची हुशार पोरे शिरली. भाव मागणारी तोंडे पदे मागू लागली. नाईकांची कारकीर्द हा त्या सगळ्यांचा कित्ता झाला. त्यांच्यातली कळकळ मात्र फार थोड्यांनी उचलली.

म्हणून या बैठकीत आणि यापुढच्या प्रत्येक निवडणुकीत, उमेदवार शेतकऱ्याच्या पोटचा आहे की नाही, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. गावातल्या पारावर बोलावून त्याला चार गोष्टी विचारू आणि उत्तरे सगळ्यांसमोर वहीत लिहून घेऊ.

एक: हंगामाच्या तोंडावर आयात शुल्क माफ झाले, तर स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध सभागृहात उभा राहशील काय?

दोन: कापूस, ज्वारी, धान, कांदा, कोणत्याही शेतीमालावर निर्यातबंदी किंवा साठ्याची मर्यादा आली, तर तिला विरोध करशील काय?

तीन: हमीभाव मोजताना जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरा, अशी मागणी लेखी करशील काय?

चार: या तिन्ही बाबतींत तू आजवर काय केलेस? पुढे काय करणार, ते नंतर सांग.

कर्जमाफी आणीन, अनुदान आणीन, विहीर मंजूर करीन, ही उत्तरे या प्रश्नांची नाहीत. विहीर मिळाली तर घेऊ, ते आपलेच पैसे आहेत. पण विहिरीच्या पाण्यावर पिकलेला माल जर दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने जाणार असेल, तर ती विहीर आपल्यासाठी खोदली की मुंबईसाठी, हा हिशेब प्रत्येकाने घरी मांडावा.

पुढच्या १ जुलैला आम्हीही गहुलीच्या त्या भल्या माणसाला हार घालू. ही वही सोबत नेऊ आणि साहेबांच्या भाषणानंतर तिथेच वाचून दाखवू. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तोवर आपापल्या वह्या भरून जिल्ह्याला पोचवाव्यात.

भीक नको, हवे घामाचे दाम.